घोडेवाल्याची गाडी : एक तपासणी

घोडा पाळणारा माणूस ओळखायला त्याचा घोडा बघावा लागत नाही. त्याची मोटार बघितली की काम भागतं. मागच्या सीटवर गवत, पुढच्या सीटवर गवत, आणि इतर सज्जन माणसं जिथे छोटासा गणपती बसवतात त्या डॅशबोर्डवर अर्धवट खाल्लेलं गाजर! ते कुणी खाल्लं, मालकाने की घोड्याने, हे विचारायचं नसतं.

आपल्याकडे नाटकांची परीक्षणं होतात, सिनेमांची होतात, दिवाळी अंकांची तर तुळशीच्या लग्नानंतरही चालू असतात. मोटारीच्या अंतरंगाचं परीक्षण मात्र कोणी करत नाही. वास्तविक ‘अंतरंग’ हा टीकाकारांचा किती आवडता शब्द! तेव्हा ही उणीव मीच भरून काढतो. माझी पात्रता विचाराल तर मी बी. कॉम. आहे आणि बँकेच्या कर्जखात्यात कारकून आहे. नजरगहाण मालाची तपासणी करायला साहेबांबरोबर जायचं, पोती मोजायची, कागदावरचा माल जागेवर आहे की नाही ते लिहून आणायचं, हे माझं काम. साहित्याच्या टीकाकारांपैकी कितीजणांनी पोती मोजली आहेत, सांगा बरं?

नमुन्यादाखल आमच्याच सोसायटीतली एक गाडी घेतो. आम्ही राहतो वर्सोव्याला, यारी रोडच्या बाजूला. गाडीच्या मालकांचं नाव सांगत नाही; त्यांना आपण अश्वपती म्हणू. त्यांचा घोडा गोरेगावकडच्या एका पागेत असतो. एकदा त्यांनी मला अंधेरी स्टेशनपर्यंत ‘लिफ्ट’ दिली. स्टेशन येईपर्यंत माझी तपासणी पूर्ण झाली होती. यादी अशी :

खोगीर एक. तंग दोन, पैकी एक तुटका. मोहरक्या तीन. रिकीब एक, दुसरी कुठे आहे ते पहिल्या सिग्नलला ब्रेक दाबल्यावर कळलं, ती सीटखालून आपणहून पुढे आली. खरारा एक, केसांसकट. झूल एक, ओली. तोबरा एक, त्यात चंदीऐवजी छत्री, विम्याचे कागद आणि मुलीचं प्रगतिपुस्तक. गूळ अंदाजे पाव किलो, मुंग्यांसकट. नाल तीन. घोड्याला पाय चार असतात ही गोष्ट मी नम्रपणे निदर्शनास आणली. “असेल हो, इथेच कुठेतरी,” अश्वपती म्हणाले. उरलेल्या सर्व जागेत खोगीरभरती.

हा शब्द मुद्दाम वापरला. खोगीर फुगावं म्हणून आत जे काहीबाही कोंबतात ती खोगीरभरती. आपले टीकाकार पुस्तकातल्या फालतू मजकुराला तो शब्द लावतात. खऱ्याखुऱ्या खोगिराशेजारी बसून तो वापरण्याचा मान मात्र मलाच मिळाला असावा.

राहता राहिला वास. टीकेच्या भाषेत त्याला ‘मातीचा गंध’ म्हणतात. पण मी हिशेबी माणूस आहे. ती माती नव्हती, लीद होती.

आता टीकाकाराने नुसती नावं ठेवून भागत नाही, कारणमीमांसाही करावी लागते. साधारण साडेचार क्विंटलचा घोडा दिवसाला आठ-दहा किलो चारा आणि चंदी खातो, पंचवीस-तीस लिटर पाणी पितो आणि त्या बदल्यात पंधरा-वीस किलो लीद टाकतो. त्याचं पोट शरीराच्या मानाने लहान. एकदाच पोटभर घालून आपण मोकळे, असं चालत नाही. थोडं थोडं, पण दिवसभर. शिवाय रोज खरारा, रोज खुरं उकरून साफ करणं, सहा-आठ आठवड्यांनी नालबंदी. पागेत सामान ठेवावं तर उंदीर चामडं कुरतडतात. मग गोदाम कुठलं? मोटार! इंग्लंडात जेम्स वॅट नावाच्या गृहस्थाने अठराव्या शतकात आपली वाफेची यंत्रं खपवण्यासाठी ‘अश्वशक्ती’ हे माप काढलं : हे यंत्र घेतलंत तर इतक्या घोड्यांचं काम करील. आज अश्वपतींची गाडी ऐंशी अश्वशक्तीची आहे, आणि ते ऐंशीही घोडे एका घोड्याची पेंढी वाहतात. वॅटला हे कळलं असतं तर त्याने दुसरं माप शोधलं असतं.

आता जमाखर्चाची बाजू. १९६१च्या आयकर कायद्याने धंद्यातल्या मोटारीवर दरसाल पंधरा टक्के घसारा धरला. म्हणजे मोटार आपली उभ्या उभ्या स्वस्त होते. पण धंद्यासाठी पाळलेल्या जनावरावर घसारा नाही! त्याच कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात तरतूद अशी होती की, जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तरच त्याची मूळ किंमत वजा हाती आलेली रक्कम, एवढं नुकसान खर्ची टाकायचं. तोपर्यंत पुस्तकात घोडा घेतल्या किमतीचाच. कॉलेजात हे कलम पाठ करताना मला ते नुसतंच रुक्ष वाटलं होतं. पण कायदा लिहिणाऱ्याच्या घरी जनावर असलं पाहिजे. दरवर्षी थोडी थोडी कमी लेखायची ती वस्तू. शेवटच्या दिवसापर्यंत पुरत्या किमतीचं धरायचं ते जनावर. अश्वपतींनी हे कलम वाचलेलं नाही, पण ते पाळतात त्याबरहुकूम. त्यांच्या घोड्याच्या अंगावर हात फिरवा, पंख्याखाली वाळवलेल्या रेशमासारखं लागतं. आणि मोटारीच्या सीटवर हात फिरवा... किंवा नकोच.

पण सगळ्याच घोडेवाल्यांच्या गाड्या अशा असतात का? इथे निरीक्षण जरा बारीक करायला हवं. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. तिथे शर्यतीच्या दिवशी घोड्यांच्या मालकांच्या मोटारी बघा : त्यांच्या काचेत बघून भांग पाडता येईल. घोडा त्यांचा, पण चंदी घालणारा मोतद्दार वेगळा, शिकवणारा वेगळा, बसणारा वेगळा. मालकाने फक्त बिल भरायचं आणि दुर्बीण लावायची. बिलाला लिदीचा वास येत नाही. माथेरानला तर मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे मज्जावच. तिथले घोडेवाले घोड्याबरोबर लाल मातीतून पायी चालतात. त्यांच्या मोटारी अस्वच्छ असल्याची एकही तक्रार नाही. मुंबईच्या व्हिक्टोरियावाल्याचंही तेच, त्याची गाडी म्हणजेच घोडा. २०१५ साली उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया-फेऱ्या बेकायदेशीर ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते, त्याबद्दल वाद नाही. मग २०२१ साली तशाच नकशीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्या स्वच्छ होत्या. न व्हायला काय झालं? पुढे घोडाच नव्हता.

तेव्हा नियम असा निघतो : घोडा असल्याने गाडी घाण होत नाही. घोड्याचं स्वतःच्या हाताने केल्यामुळे होते.

याच्या उलट आम्ही बिनघोड्याचे लोक. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आज वर्सोव्यात रस्त्याच्या दुतर्फा ज्या मोटारी उभ्या असतात त्यांचे मालक बहुतेक बारगीरच : घोडा बँकेचा, स्वार आपण! आणि खरारा काय करतो आम्ही! रोज सकाळी बादलीभर पाणी, फडकं, सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं काढायचं नाही, आत वडा खायचा नाही. दसऱ्याला पूर्वी घोडा धुऊन त्याला झेंडू घालत. आता मोटारीला घालतो, वर चाकाखाली लिंबू. आमच्या घोड्याने लीद टाकायचा प्रश्न नाही, पण त्याच्या अंगावर कावळा बसला तरी आमचा जीव कासावीस होतो. तेव्हा आम्ही अश्वपतींना हसतो ते तितकंसं खरं नाही. आम्ही मोटारीचा घोडा केला, त्यांनी मोटारीचा तोबरा केला. कोणाचं चुकलं हे ठरवायला घोडाच बोलावावा लागेल.

पण खरं घोडं पेंड खातं ते पुढे.

वर्सोवा म्हणजे मूळचं वेसावे. आमच्या इमारतीच्या आधी इथे कोळीवाडा होता आणि सुदैवाने तो अजूनही आहे. होड्या लागतात, जाळी सुकतात, बांबूंवर बोंबील वाळतात, आणि मासळी घेऊन टेम्पो बाजाराकडे निघतात. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो झाली, छान झालं; पण लोकलला लगेजचा डबा असतो तसा मेट्रोला नाही, म्हणून पाटी घेतलेल्या कोळणीला आणि पेंढी घेतलेल्या अश्वपतींना तिचा उपयोग सारखाच. दोघांनाही गाडी लागते. दोघांच्या गाडीत माल असतो, माल ओला असतो, आणि ओल्या मालाला वास असतो.

आता आमच्या सोसायटीच्या सभेत काय झालं ते बघा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासळी देणाऱ्या मावशींचा मुलगा सकाळी टेम्पो फाटकाच्या आत घेऊन पाच मिनिटं थांबायचा. त्यावर लेखी तक्रार आली : ‘दुर्गंधी व आरोग्यास धोका’. ठराव एकमताने पास, टेम्पो फाटकाबाहेर. त्याच सभेत मी विचारलं, की छताखालच्या पार्किंगमध्ये लिदीची गाडी चोवीस तास उभी असते, तिचं काय? सगळे हसले. चिटणीस म्हणाले, “अहो, तो शौक आहे त्यांचा!” एक बाई तर म्हणाल्या, “मला तर बाई फार्महाऊसवर गेल्यासारखं वाटतं.”

मी पुष्कळ विचार केला. पाच मिनिटांचा सुरमई-पापलेटचा वास म्हणजे दुर्गंधी आणि चोवीस तासांची लीद म्हणजे फार्महाऊस! हे नाकाचं काम नव्हे. नाकाला असा भेद करता येत नाही. आपण आधी गाडीचा मालक बघतो आणि मग वास घेतो. हौसेखातर हात मळवले तर तो शौक, पोटासाठी मळवले तर ती घाण. आणि याच कोळीवाड्यात सी-फूड फेस्टिव्हल भरतो तेव्हा आमची अख्खी सोसायटी रांग लावते. त्या दिवशी तोच वास ‘अरोमा’ होतो, कारण त्या दिवशी आपण गिऱ्हाईक असतो.

वर्सोवेकरांनी तरी असं करू नये. आपला किनारा कसा होता ते आपण बघितलंय. २०१५ साली अफरोज शहा नावाच्या वकिलांनी तो उपसायला घेतला, आणि पुढल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला. तो किनारा नाक मुरडल्याने स्वच्छ झाला नाही. कुणीतरी कोपरापर्यंत हात घातले म्हणून झाला. त्या दिवसांत त्या मंडळींच्या गाड्या आतून कशा दिसत असतील, याचा अंदाज मी करू शकतो.

याचा अर्थ अश्वपती सुटले असा नाही. परीक्षणात दोष दाखवावेच लागतात. सुटी रिकीब ब्रेकखाली अडकली तर घोड्याला मालक राहणार नाही. ओल्या झुलीवर मुंबईच्या हवेत चार दिवसांत बुरशी चढते, आणि तीच झूल पुन्हा घोड्याच्या पाठीवर जाते. भुरा आलेलं गवत त्याच्या श्वासात जातं. म्हणजे गाडीची अस्वच्छता शेवटी ज्याच्यासाठी केली त्यालाच बाधते. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारे लोक त्याच्या अंगावरचे भोवरे मोजतात, शुभ कोणता, अशुभ कोणता. तेवढ्या बारकाईने एकदा डिकीत बघावं. प्रेम सिद्ध करायला घाण लागत नाही, कोळणीला विचारा. सगळा माल विकून झाला की ती पाटी घासते, टेम्पो धुते, कोयता धुते, कारण उद्या त्याच गाडीत लोकांचं जेवण न्यायचं असतं. आमच्या सभेतल्या एकानेही तो धुतलेला टेम्पो बघितलेला नाही. तपासणी न करता शेरा मारणं आमच्या बँकेत तरी चालत नाही.

पुढच्या सभेसाठी मी एक ठराव दिला आहे : वासाच्या गाड्या सर्व आत किंवा सर्व बाहेर, मालक कोणीही असो. सूचक मी. अनुमोदनासाठी माणूस शोधत होतो, तर अश्वपतींनीच सही केली. कागद परत आला तेव्हा त्याला तीन गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. मी त्या झटकल्या नाहीत. ठरावासोबतचं सहपत्र म्हणून तशाच टाचून दिल्या आहेत.