‘संपादन’ शिकवलं, ‘इतिहास’ राहूनच गेला

‘संवादी वेबसाधनांची ओळख’ अशा नावाची एखादी कार्यशाळा तुम्ही केली असेलच. सकाळी खातं उघडायचं, दुपारी ठळक अक्षर, दुवा आणि चित्र कसं टाकायचं ते बघायचं, चहानंतर आपल्या गावावर चार ओळी लिहायच्या आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. मी स्वतः अशी एक कार्यशाळा घेतली आहे आणि ती फसली होती, असं आज माझं मत आहे. मुलांनी पानं बनवली, पण दुसऱ्याच्या पानावर प्रश्न विचारायला मी एकालाही सांगितलं नाही. साधन दहा जणांनी मिळून वापरायचं, आणि मी ते शिकवलं प्रत्येकाला आपापल्या संगणकापुरतं.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, म्हणून हे लिहितोय. संशोधनाला लागणाऱ्या मुलांना ही साधनं आपण टंकलेखन शिकवावं तशी शिकवतो. कुठलं बटण कुठं आहे ते सांगतो. त्या बटणामागं जी कल्पना आहे ती तशीच राहते, आणि संशोधकाच्या खऱ्या उपयोगाची तीच असते.

ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचताही येत होतं आणि बदलताही येत होतं. पुढं लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांत वाचणं राहिलं, लिहिणं गळालं. 1995 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली आणि वाचणाऱ्याच्या हातात पुन्हा लेखणी आली. विकिपीडिया 2001 चा, मराठी विकिपीडिया 2003 चा. मराठीत या जागांना नावंही छान पडली आहेत. कच्चं लिहून बघायची जागा ती ‘धूळपाटी’ आणि सगळ्यांनी बसून बोलायची ती ‘चावडी’. आपल्या कार्यशाळा धूळपाटीवर सुरू होतात आणि तिथंच संपतात. चावडीपर्यंत कोणी पोचत नाही.

यानं नुकसान काय होतं, ते एका उदाहरणावर बघू. गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी घ्या. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनौबत प्रतापराव गुजर इथं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळं आणि तिच्या गाण्यामुळं ‘सात’ हा आकडा मराठी माणसाला पाठ आहे. समजा तुमच्यातल्या एखाद्या नेसरीच्या विद्यार्थ्याला या लढाईवर पान लिहायचं आहे. कार्यशाळेत शिकलेला मुलगा काय करील? चार संकेतस्थळं उघडील, सात जणांची नावं उचलील, ठळक करील, स्मारकाचा फोटो लावील. पान देखणं होईल.

आता संशोधक म्हणून बघा. ‘सात जण होते’ आणि ‘ते सात जण हे होते’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दोघांना वेगवेगळा पुरावा लागतो. पहिल्याला समकालीन आधार आहे. लढाईनंतर साधारण सहा आठवड्यांनी, एप्रिल 1674 मध्ये, नारायण शेणवी यांनी मुंबईच्या इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि आणखी सहा स्वार पडल्याची बातमी आहे. पण त्या पत्रात सहा जणांची नावं नाहीत. मग जालावर सगळीकडं दिसणारी नावांची यादी आली कुठून? ती खोटीच आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही ती लिहिणार असाल तर हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हा प्रश्न धसाला लावायचं हत्यार त्याच पानावर असतं. ‘इतिहास पहा’ उघडा. पानाची प्रत्येक आवृत्ती तारीख-वेळेसह तिथं असते आणि कुठल्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघता येतो. एखादं नाव कोणत्या दिवशी आलं, सोबत संदर्भ होता की नव्हता, कोणी काढलं का, काढताना काय कारण दिलं, हे सगळं दिसतं. मग ‘चर्चा’ उघडा, तिथं वाद झाला असेल तर तोही मिळेल. हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणारा अभ्यासक जे करतो, त्याचाच हा धाकटा भाऊ. पाठभेद शोधायला इतकी सोपी शाळा दुसरी नाही, आणि आपण मुलांना तिच्या दारावरूनच परत आणतो.

हे न शिकवल्याचा दुसरा तोटा जास्त वाईट आहे. कोणीतरी विकीवर बिनसंदर्भ नाव लिहितं, बातमीदार ते उचलतो, बातमी छापली जाते, आणि मग विकीवर त्याच बातमीचा संदर्भ लागतो. वर्तुळ पूर्ण! रँडल मन्रो या व्यंगचित्रकारानं 2011 मध्ये या प्रकाराला ‘सायटोजेनेसिस’ असं नाव दिलं. प्रबंधात तुम्ही ती बातमी तळटीपेत घातलीत तर वर्तुळात आणखी एक कडी जोडलीत. संदर्भ आधीचा की पानावरची नोंद आधीची, हे इतिहासाच्या तारखांवरून ताडता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता साधनांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर ही भक्ती होईल. विकिपीडियाचा एक मूळ नियम आहे, इथं स्वतःचं नवं संशोधन नको. संशोधनाला निघालेल्या विद्यार्थ्याला हा नियम पहिल्या दिवशी सांगायला हवा, कारण त्याचं पुढचं काम नेमकं याच्या उलटं आहे. नेसरीतल्या एखाद्या आजोबांनी खिंडीबद्दल ऐकीव गोष्ट सांगितली, तर ती विकीवर जात नाही, कारण ती कुठं छापलेली नाही. ज्यांच्या गोष्टी कधी छापल्याच गेल्या नाहीत, त्यांना हा नियम बाहेर ठेवतो. अचल प्रभला यांनी 2011 च्या सुमारास हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत तोंडी संदर्भांचा प्रयोग केला, तो याच अडचणीतून. नियम मात्र अजून छापील शब्दाकडंच झुकलेला आहे. तेव्हा आजोबांची मुलाखत घ्या, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण जपा, प्रबंधात वापरा. विकीवर टाकता आली नाही म्हणून टाकून देऊ नका.

दुसरं साधन ओपनस्ट्रीटमॅप, 2004 साली इंग्लंडात सुरू झालेला, लोकांनी काढलेला नकाशा. इथं स्थानिक माणसाची नजर हाच मोठा आधार. नेसरीचा विद्यार्थी प्रत्यक्ष उभा राहून स्मारकाची जागा टाकू शकतो, मराठी नाव वेगळ्या रकान्यात लिहू शकतो, बदल कशाच्या आधारे केला ते नोंदवू शकतो. पण 1674 च्या रणांगणाची हद्द? ती जमिनीवर आज आखलेली नाही, म्हणून या नकाशात ती बसत नाही. स्मारक आज जिथं आहे ती जागा आणि लढाई झाली ती जागा, यांत फरक असू शकतो, हे वर्गात तासभर सांगून जे कळत नाही ते नकाशावर एक ठिपका टाकताना कळतं. गुगलच्या नकाशावरून नावं उतरवून इथं टाकायची नाहीत, हेही बजावून सांगा. परवाना म्हणजे काय ते मुलाला तिथं समजतं.

तिसरी गोष्ट जपून बोलायची. तुमचा प्रत्येक बदल तुमच्या खात्याच्या नावानं कायमचा दिसत राहतो. आपल्याकडं इतिहासातल्या नावांवरून माणसं किती लवकर पेटतात, हे तुम्हाला सांगायला नको. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला खऱ्या नावानं अशा पानावर बदल करायला लावायचा आणि आपण चहाला जायचं, हे मला मान्य नाही. खात्याचं नाव काय ठेवावं, वाद पेटला तर कुठं थांबावं, कोणाला विचारावं, हे बटणांच्या आधी सांगितलं पाहिजे. शिवाय मराठीत लिहिणारे जास्त आणि तपासणारे थोडे, म्हणून चूक वर्षानुवर्षं टिकू शकते. ‘सगळ्यांना बदलता येतं’ याचा अर्थ ‘सगळ्यांनी तपासलंय’ असा होत नाही.

मग कार्यशाळा कशी असावी? माझ्यापुरतं मी ठरवलंय. पहिला अर्धा दिवस काहीही लिहायचं नाही. आपल्या गावाचं किंवा विषयाचं एक पान घ्यायचं, त्याचा इतिहास वाचायचा आणि एका विधानाचा माग काढायचा. दुपारी जोडीदाराच्या धूळपाटीवर जाऊन एक नीट प्रश्न विचारायचा, आणि ज्याला विचारला त्यानं उत्तर द्यायचं किंवा वाक्य मागं घ्यायचं. शेवटी पानावर एकच बदल, संदर्भासह, आणि ‘बदलांचा आढावा’ या चौकटीत तो का केला त्याचं एक वाक्य. पान देखणं होणार नाही. पण त्या एका वाक्यात पुराव्याची जबाबदारी घ्यायची सवय लागते, आणि मार्गदर्शक पुढं पाच वर्षं तुमच्याकडं तीच मागणार आहेत.

आज संध्याकाळी हे करून बघा. तुमच्या गावाचं पान उघडा, त्यातलं तुम्हाला सगळ्यात खात्रीचं वाटणारं वाक्य निवडा आणि ते कधी, कशाच्या आधारे आलं ते शोधा. आधार सापडला नाही तर लगेच खोडू नका. चर्चापानावर विचारा.