डायना वॉशिंग्टन : अष्टपैलू गायकी आणि वर्गीकरणाचा प्रश्न

प्रस्तावना

संगीतसमीक्षेत 'अष्टपैलू' हे विशेषण सढळपणे वापरले जाते. मात्र त्याचा अर्थ पुष्कळदा 'अनेक प्रकार गाणारा कलावंत' एवढाच घेतला जातो. वास्तविक पैलू पडतात ते एकाच हिऱ्याला. अमेरिकन गायिका डायना वॉशिंग्टन (१९२४-१९६३) हिच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. ब्लूज, जॅझ, ऱ्हिदम अँड ब्लूज, कंट्री आणि व्हायोलिनच्या ताफ्यासह सजविलेली लोकप्रिय प्रेमगीते हे सर्व प्रकार ती गायली. जॅझच्या कडव्या अभ्यासकांनी तिच्या १९५९ नंतरच्या गायनाला व्यावसायिक तडजोड ठरविले. हा निर्णय कितपत न्याय्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जडणघडण

रूथ ली जोन्स हे तिचे मूळ नाव. २९ ऑगस्ट १९२४ रोजी अलाबामा राज्यातील टस्कलूसा येथे तिचा जन्म झाला. ती लहान असतानाच कुटुंब शिकागोला स्थलांतरित झाले. आई चर्चमध्ये पियानो वाजवीत असे. रूथही तेथेच गाऊ आणि वाजवू लागली. किशोरवयात तिने शिकागोच्या रीगल थिएटरमधील हौशी गायकांची स्पर्धा जिंकली आणि पुढे सॅली मार्टिन यांच्या गॉस्पेल संचात प्रवेश केला. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन. त्यात संदेश हाच प्राण असल्याने शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचावा लागतो. डायनाच्या गायकीचा पाया येथे घातला गेला.

१९४३ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात ती दाखल झाली. याच सुमारास 'डायना वॉशिंग्टन' हे नाव तिला मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कीनोट कंपनीसाठी तिची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. 'ईव्हिल गॅल ब्लूज' हे त्यांतील गीत जॅझ समीक्षक लेनर्ड फेदर यांचे होते. चर्चमधून ब्लूजकडे वळणे त्या समाजात सहजासहजी क्षम्य मानले जात नसे. तिने स्वतःपुरती मर्यादा आखून घेतली. मद्यगृहांतून आणि नाइट क्लबमधून गॉस्पेल गाण्यास ती नकार देत असे. भक्तिगीत मागे राहिले, तरी त्यातून घडलेला आवाज प्रत्येक मंचावर तिच्यासोबत गेला.

बाजारपेठेच्या चौकटी

१९४६ पासून सुमारे पंधरा वर्षे ती मर्क्युरी या शिकागोच्या कंपनीसाठी गायली. या काळातील अमेरिकन ध्वनिमुद्रण व्यवसायाची रचना येथे ध्यानात घ्यावी लागते. 'बिलबोर्ड' हे व्यवसायपत्र कृष्णवर्णीय ग्राहकांतील खपाची यादी १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने छापत असे. त्या वर्षी यादीचे नाव 'ऱ्हिदम अँड ब्लूज' झाले; यादीचे वेगळेपण मात्र कायम राहिले. परिणामी गीत कोणत्या शैलीतले आहे यापेक्षा ते कोण गाते आणि कोण विकत घेते, यावर त्याचे वर्गीकरण ठरे. १९५१ मध्ये डायनाने हँक विल्यम्सचे 'कोल्ड, कोल्ड हार्ट' हे कंट्री गीत गायले. श्वेतवर्णीयांचे मानले गेलेले हे गीत तिच्या आवाजात 'ऱ्हिदम अँड ब्लूज'च्या यादीत गाजले.

जॅझमधील तिचा अधिकारही तितकाच निर्विवाद होता. १९५४ च्या 'डायना जॅम्स' या ध्वनिमुद्रिकेत ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्यासमवेत ती श्रोत्यांसमोर गायली. तेथे तिचा आवाज वाद्यांच्या बरोबरीने वावरतो. १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातील तिचे गायन 'जॅझ ऑन अ समर्स डे' या माहितीपटात पाहावयास मिळते.

१९५९ चे वळण

'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेड' हे तिचे सर्वाधिक गाजलेले गीत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ रचना मारिया ग्रेवर या मेक्सिकन संगीतकर्तीची, १९३४ मधील. डायनासाठी संगीत संयोजन बेलफर्ड हेंड्रिक्सने केले. व्हायोलिनचा ताफा आणि पार्श्वगायकांचा समूह यांनी सजलेले हे गीत सर्वसाधारण यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो 'ऱ्हिदम अँड ब्लूज' विभागात. एका मेक्सिकन प्रेमगीताचे हे वर्गीकरण संगीताच्या निकषावर टिकणारे नाही.

तडजोडीचा आक्षेप घेणारी समीक्षा मुख्यतः वाद्यमेळाकडे पाहते. गळा ऐकला तर निष्कर्ष बदलतो. मृदू साथीवर ती स्वर लांबवीत नाही. शब्दाचा शेवट धारदारपणे तोडते. चरणाची सुरुवात ठोक्याच्या किंचित मागे ठेवून पुढे ती वेग भरून काढते. आलंकारिक हरकती मोजक्या, उच्चार काटेकोर, आणि एखाद्या शब्दावर अकस्मात चढणारी कठोर धार हे सारे १९४३ च्या ब्लूजमध्येही आढळते. १९६० च्या 'धिस बिटर अर्थ'मध्ये हा संयम अधिक परिणामकारक ठरतो. व्हायोलिनचे सूर करुणेचा आग्रह धरतात. गायिका मात्र दुःखाचे प्रदर्शन टाळते आणि त्यामुळेच गीताला वजन येते.

अर्थात आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. यशाचा साचा हाती आल्यावर कंपनीने तोच पुनःपुन्हा वापरला. या काळातील काही गीतांत संयोजन इतके एकसुरी आहे की गायिकेला उत्तर देणारे वाद्यच उरत नाही. 'डायना जॅम्स'मधील संवाद तेथे हरवतो. परंतु हे न्यून संयोजनाचे आहे. त्याचा दोष गायकीवर लादणे उचित नाही.

समारोप

१९६२ मध्ये ती रूलेट कंपनीकडे गेली. १४ डिसेंबर १९६३ रोजी डेट्रॉइट येथे झोपेच्या औषधांच्या अतिरिक्त मात्रेमुळे वयाच्या ३९ व्या वर्षी तिचे निधन झाले. तिचे अनेक विवाह आणि तापट स्वभाव यांवर बरेच लिहिले गेले. त्या मानाने तिच्या शब्दोच्चाराची आणि लयीची चिकित्सा कमी झाली. १९६४ मध्ये अरीथा फ्रँकलिनने संपूर्ण ध्वनिमुद्रिका तिच्या स्मृतीस वाहिली. चर्चमधून आलेल्या या तरुण गायिकेने तीत डायनाची ब्लूज गीते गायली आणि 'धिस बिटर अर्थ'ही. समीक्षकांनी आखलेली सीमारेषा उत्तराधिकारी गायिकेला जाणवलीच नव्हती.

विक्रेत्याने सोयीसाठी केलेले वर्गीकरण समीक्षकाने मूल्यनिकष म्हणून स्वीकारले की कलावंताचे एकसंध कार्य तुकड्यांत विभागले जाते. त्यातील एक तुकडा अस्सल ठरतो, दुसरा बाजारू. डायना वॉशिंग्टनचे पुनर्मूल्यांकन करताना 'ईव्हिल गॅल ब्लूज' आणि 'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेड' ही दोन गीते लागोपाठ ऐकणे हा सर्वांत सोपा आणि विश्वसनीय मार्ग आहे. मधल्या सोळा वर्षांत साथ पूर्णतः बदलली. शब्द तोडण्याची तिची रीत तीच राहिली.