जागेवरची आणि जागेची

वारल्याच्या घरी लग्न निघालं की कारवीच्या कुडाची एक भिंत शेणामातीने सारवून घेतात आणि वर गेरूचा हात फिरवतात. तांदूळ भिजवून वाटतात. बांबूची काडी दातांनी चावून तिचं टोक पिंजतात, तोच कुंचला. मग सवाशिणी चौक लिहायला बसतात. वारली चौक ‘लिहितात’, काढत नाहीत. नक्षीच्या चौकटीत पालघट देवी, शेजारी मुंडक्याऐवजी कोंब फुटलेला पंचशिऱ्या, आणि जवळ लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं. लग्न लागतं, पाहुणे जातात. चुलीच्या धुराने चौक काळवंडतो आणि कधीतरी नव्या सारवणाखाली जातो. तो जपून ठेवावा असं कुणाच्या मनात येत नाही, कारण ज्या कामासाठी तो त्या भिंतीवर आला ते काम झालेलं असतं.

एका ठरावीक जागेसाठी, तिथल्याच मातीतून, तिथल्याच माणसांनी केलेली आणि उचलून दुसरीकडे नेली तर अर्थ गमावणारी कला म्हणजे साइट-स्पेसिफिक, अर्थात स्थळविशिष्ट कला. कलामहाविद्यालयात ही व्याख्या शिकवताना उदाहरण येतं ते रॉबर्ट स्मिथसनने १९७० साली अमेरिकेतल्या खाऱ्या सरोवरात दगडमातीने रचलेल्या ‘स्पायरल जेटी’चं. उदाहरण थोर आहे, ते यायलाच हवं. पण पालघर-बोईसरहून पहाटेची गाडी पकडून मुंबईच्या कलाशाळेत पोचणाऱ्या मुलामुलींनी त्याआधी चौक पाहिलेला असतो. पुष्कळांनी तो वहीत गिरवलेलाही असतो. या दोन गोष्टी एकाच घरच्या आहेत, हे मात्र त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

ते जोडून दाखवणारी घटना याच मातीत घडली आहे. रिचर्ड लाँग हा ब्रिटिश कलावंत चालणं हीच कला मानणारा. १९६७ साली गवतावर पुन्हा पुन्हा येरझारा घालून त्याने एक पायवाट उमटवली आणि तिचं छायाचित्र हीच कलाकृती ठरली. हा माणूस २००३ मध्ये वारल्यांच्या मुलखात आला, इथे चालला, इथे काम केलं. त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचं आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं एकत्र प्रदर्शन भरलं. त्याआधी १९८९ च्या पॅरिसमधल्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनातही दोघांचं काम होतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या परिसरात राहणारे मशे २०११ मध्ये पद्मश्री झाले आणि मे २०१८ मध्ये गेले. मुंग्यांची रांग, पाण्यात पडणारं जाळं, पानांची सळसळ: हजारो बारीक रेघांतून त्यांची चित्रं हलत राहतात. लाँग जमिनीवर पावलांनी रेघ काढतो, मशे कापडावर काडीने काढत. दोघांनाही रेघ म्हणजे हालचाल.

मशे यांच्या यशाने एक मोठी उलथापालथही केली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांपर्यंत कागद पोचवला आणि चित्र भिंतीवरून उतरलं. त्यामुळे रोजगार आला, मान आला, नाव आलं. तोवर बिननावाने लिहिणाऱ्या समाजातून सही करणारे कलावंत उभे राहिले. पण चौक लिहिणं हे बायकांचं काम होतं आणि कागदावरची बहुतेक नावं पुरुषांची झाली. जागा सुटली तशी लिहिणारी बाईही मागे पडली. यशोधरा दालमियांनी १९८८ मध्ये वारली चित्रांवर मोठं पुस्तक लिहिलं, अभ्यास पुढेही होत राहिला, पण शाळा-कॉलेजात वारली शिकवताना ही गोष्ट क्वचितच निघते.

आता वारली पुन्हा भिंतीवर आली आहे. सरकारी कचेऱ्या, शाळांची कुंपणं, उड्डाणपुलांचे खांब, हॉटेलांचे दर्शनी भाग, कुठेही पाहा, विटकरी रंगावर पांढरे त्रिकोणी देह तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचताहेत. अशी कामं कलाविद्यार्थ्यांच्या हातूनच होतात, कारण त्यातून चार पैसे आणि उंच भिंतीवर काम करायचा सराव मिळतो. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. तरी समीक्षकाला म्हणावंच लागतं की यातली बहुतेक चित्रं जागेवर आहेत, जागेची नाहीत. तोच नाच तहसील कचेरीवर, तोच दवाखान्यावर, तोच रिसॉर्टच्या फाटकावर. ती भिंत काय आहे, तिच्यासमोर कोण रांगेत उभं राहतं, आतून कोणता कागद घेऊन माणूस बाहेर पडतो, याचा मागमूस चित्रात नसतो.

तो मागमूस कसा आणावा, याचे धडे पालघर जिल्ह्यातच सापडतात. छायाचित्रकार गौरी गिल आणि गंजाडचे राजेश चैत्या वांगड यांनी २०१३ पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल यांनी गावाची कृष्णधवल छायाचित्रं घ्यायची आणि वांगडांनी त्यांवर शाईने वारली रेघांत त्या ठिकाणच्या गोष्टी लिहायच्या. कॅमेऱ्याला मोकळं माळरान दिसतं. वांगडांना तिथे देव, आठवणी, तुटलेलं जंगल, बदललेली वाट दिसते. एकाच चौकटीत दोन्ही राहतात आणि पाहणाऱ्याला थांबून वाचावं लागतं.

जव्हारचं उदाहरण याहून धीट. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे नाचवतात. असे मुखवटे करणाऱ्या घराण्यातले सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ, त्यांचे साथीदार आणि गिल यांनी २०१५ पासून ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ उभं केलं. इथे कागदाच्या लगद्याचे मुखवटे देवांचे राहिले नाहीत. माणसं, पशुपक्षी, रोजच्या वापरातल्या वस्तू यांचे मुखवटे झाले, आणि गावकरी ते घालून आपल्याच घरात, दुकानात, दवाखान्यात बसले. ही छायाचित्रं २०१७ च्या ‘डॉक्युमेंटा’ या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेली. जव्हार काही शोभेची पार्श्वभूमी म्हणून तिथे येत नाही. मुखवट्यामागच्या माणसाचा रोजचा दिवसच चित्र होतो.

आणि बोईसर-तारापूर? इथे येऊन समकालीन कला जवळजवळ गप्प होते, आणि हे सर्वांत जास्त खटकतं. ‘स्पायरल जेटी’च्या एक वर्ष आधी, १९६९ मध्ये, तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार झाली. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. शेजारी एमआयडीसी वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली. पाळी सुटल्यावर बोईसर स्टेशनाकडे लोटणारी गर्दी, नाल्याच्या पाण्याचा रंग, हवेतला वास, देशभरातून आलेल्या कामगारांच्या खोल्या: एखाद्या तरुण कलावंताला आयुष्यभर पुरेल एवढा हा ऐवज. तरी विद्यार्थ्यांच्या निसर्गचित्रांत अजून माड, होडी आणि मावळता सूर्यच जास्त.

हे काम होऊ शकतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा, कोळसा खाणींच्या गावातला. गॅलरीच्या भिंतीवर तो थेट कोळशाने चित्र काढतो. खाणमजुराच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा येतो, आणि प्रदर्शन संपलं की भिंत पुसली जाते. ज्या कोळशावर गाव जगलं आणि ज्याने गावाची जमीन गिळली, तेच त्याचं माध्यम. इकडे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल कोळ्यांची बोली, अन्न आणि समुद्र यांतून शिल्पं करतात. दोघांनीही आधी आपलं गाव नीट पाहिलं.

पाहण्याची सवय लावायला एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांतलं स्मरणचित्र पुरेसं होतं. बाजार, बसथांबा, पाणवठा हे विषय मुलाला त्याच्याच गल्लीत नेणारे. पण क्लासमध्ये मुलं ठरलेल्या आकृत्या पाठ करतात आणि बोईसरच्या मुलाचा बाजार साताऱ्याच्या मुलाच्या बाजारासारखा दिसतो. ही चूक मुलांची नव्हे. शिक्षकाने त्यांना एकदा वही घेऊन चिंचणीच्या एखाद्या डायमेकरच्या ओसरीवर बसवावं. तिथे माणूस पोलादाच्या बोटभर ठोकळ्यावर छिन्नीने दागिन्याची नक्षी उलटी कोरत असतो. उंच ते खोल, डावं ते उजवं. ज्या गळ्यासाठी तो कोरतो तो त्याने कधी पाहिलेला नसतो. शिल्प, मुद्रण, श्रम आणि व्यापार यांचा पाठ तिथे तासाभरात मिळतो.

डायमेकर, मच्छीमार, बागायतदार हे सगळे गेली कित्येक वर्षं वाढवण बंदराच्या विरोधात रस्त्यावर उतरत आहेत. बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. समुद्रात भराव पडेल, बोटी लावायच्या जागा आणि जाळी टाकायच्या वाटा बदलतील. बीएफएच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या इथल्या मुलीला पदवी घ्यायला चार वर्षं लागतील. ओहोटीला खडकांवर शिंपल्या वेचणाऱ्या बायका कुठून उतरतात, कुठे टोपली टेकवतात, भरती लागली की कोणत्या वाटेने परततात, हे तिला आज चालत जाऊन वहीत उतरवता येतं.