दाद : भीमगीतांचा श्रोता आणि लोकमत

गाणे ऐकणाऱ्यास मराठीत नावे पुष्कळ आहेत. नाट्यसंगीताचा तो रसिक, ख्यालाचा दर्दी किंवा कानसेन, लावणीचा शौकीन. भीमगीतांच्या श्रोत्यास मात्र आपल्या लोकव्यवहाराने असे एकही नाव दिलेले नाही. परभणी जिल्ह्यात १४ एप्रिलच्या आगेमागे पहाटेपर्यंत बैठक न मोडणारा हा श्रोता वृत्तपत्री मराठीत 'जनसमुदाय' असतो, तर घरगुती बोलण्यात नुसती 'गर्दी'. गर्दीला कान असतात, हे कोणी गृहीत धरीत नाही.

वस्तुतः या श्रोत्याची घडण साधी नाही. तमाशाचा साचा घेऊन त्याचा आशय पालटणारा आंबेडकरी जलसा, १९५६च्या धर्मांतरानंतर आलेली बुद्धगीते आणि कव्वाली, असे तीन प्रवाह तिच्यात मिळाले आहेत. परभणी १९४८पर्यंत निजामी राज्यात होती, राजभाषा उर्दू. शहरातील सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस आजही सर्वधर्मीयांचा आहे. तेव्हा कव्वालीचा घाट येथील कानास परका नव्हता. दोन गायन पार्ट्यांचा 'सामना' लागतो, एकीच्या प्रश्नास दुसरीने गाण्यातूनच उत्तर द्यावयाचे असते, आणि ते उत्तर नेमके बसले की नाही याचा निवाडा समोर बसलेले लोक करितात. हे काम शब्द न ऐकणाऱ्याचे नव्हे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांत शेवटी बहुधा 'वामन' ही नाममुद्रा येते. संतांच्या अभंगांतील ही रीत. जाणता श्रोता त्या कडव्याची वाट पाहत असतो, कारण गीताचा खरा मुद्दा कवीने तेथे राखून ठेवलेला असतो.

मग या श्रोत्यास रसिक का म्हणत नाहीत? एक उत्तर असे दिले जाते की, तो गाण्यापासून अलिप्त राहत नाही. त्याची दाद कलेस नसून विषयास असते. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथापासून कलेची स्वायत्तता हा आपल्याकडे प्रतिष्ठित विचार झाला आहे, आणि त्याचा आधार या उत्तरास सहज मिळतो. परंतु गंगाखेड हे जनाबाईंचे गाव याच जिल्ह्यातले. तेथे कीर्तनात डोळे पुसणाऱ्यास आपण अरसिक म्हणत नाही. तल्लीनता हा तर त्याचा गुणच ठरतो. तीच तल्लीनता वस्तीतल्या मांडवात दिसली म्हणजे तिला आपण 'आवेश' म्हणतो. क्रिया एक आणि शब्द दोन, तेव्हा येथे निकष सौंदर्याचा लावलेला नाही हे उघड आहे. तो कोणता आहे हे मराठवाड्यातील वाचकास सांगावयाची गरज नसावी.

स्वतः 'दाद' हा शब्द या संदर्भात पाहण्यासारखा आहे. फारसीत त्याचा अर्थ न्याय. मराठीने तो घेतला आणि दोन क्रियापदांना जोडला : दाद मागणे ते न्यायासनापुढे, दाद देणे ते गायकास. इतर मैफलींत या दोन अर्थांची गाठ पडत नाही. तेथे दाद केवळ द्यावयाची असते. भीमगीतांच्या मांडवात ज्याने आयुष्यभर दाद मागितली व जिची दाद बहुधा लागली नाही, असा मनुष्य दाद द्यावयास बसलेला असतो. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८चा आणि नामविस्तार १९९४चा. मधली सोळा वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांची दाद निव्वळ कलास्वाद राहावी ही अपेक्षाच मला अप्रामाणिक वाटते.

एक आक्षेप मात्र बाजूस सारता येत नाही : ध्वनिवर्धकांच्या भिंतींचा. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या नियमांनी घातली आहे आणि जयंतीच्या मिरवणुकीत ती पाळली जात नाही. (गणेशोत्सवातही पाळली जात नाही; तेथे मात्र दोष यंत्राचा मानतात, येथे माणसांचा.) शेजाऱ्यांच्या त्रासाइतकीच दुसरी हानीही मोठी आहे. ठेक्याखाली शब्द बुडतो, सामन्यातला प्रश्न ऐकू येत नाही, नाममुद्रेचे कडवे तर पुष्कळदा वाजविलेच जात नाही. ही तक्रार मी प्रथम ऐकली ती सुशिक्षित वसाहतीत नव्हे, तर मांडवाच्या कडेला बसलेल्या वृद्ध श्रोत्यांच्या तोंडून.