सीमेवरचा मतदार आणि त्याचे मत

निवडणूक आली म्हणजे आपल्याकडे गद्याला मोठा पूर येतो. जाहीरनामे, पत्रके, भाषणे, आवाहने यांची रास पडते. पण या लेखनाची चिकित्सा करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. एखाद्या नाटकाचा तिसरा अंक फसला तर आमचे टीकाकार महिनाभर कागद काळे करतील; ज्या लेखनाच्या बळावर राज्य चालविण्याची सनद मिळते, ते मात्र वाचण्याच्या योग्यतेचेही मानले जात नाही. आणि ज्याच्यासाठी ते लिहिले जाते त्या मतदाराच्या मताची गत तर याहून वाईट. ते एक तर 'जनतेचा कौल' म्हणून डोक्यावर घ्यावयाचे, नाही तर 'विकले गेलेले' म्हणून फेकून द्यावयाचे. हे दोन्ही प्रकार आम्हांस सारखेच आळशीपणाचे वाटतात. मतातही निरीक्षण असते, तुलना असते, निवड असते. त्याअर्थी गुणदोषही असणारच. ते पाहण्यासाठी नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तालुक्याचे उदाहरण आम्ही घेतले आहे.

मिरचीच्या व्यापाराने नावारूपास आलेले हे गाव तेलंगणाच्या हद्दीस लागून आहे. शेजारचे बासर, जेथे मुले सरस्वतीपुढे पहिले अक्षर गिरवितात, ते मुधोळ तालुक्यातले. आणि तो तालुका 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता. तेव्हा येथील सीमा काही डोंगराने वा समुद्राने आखलेली नाही. तिच्या दोन्ही अंगांस तीच काळी जमीन, तीच गोदावरी आणि पुष्कळदा तेच सोयरे. त्यामुळे इतर मतदारांस जी सोय नाही ती येथील मतदारास सहज लाभली आहे: दोन सरकारांची धोरणे तो घरबसल्या शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो.

त्याने ती तशी पाहिलीही. 2018 साली तेलंगणात शेतकऱ्यांस अखंड मोफत वीज मिळू लागली आणि 'रयतु बंधू' या योजनेने प्रत्येक हंगामास एकरी 4,000 रुपये हाती पडू लागले. पुढे त्या रकमेचे 5,000 झाले. पलीकडच्या सोयऱ्याच्या हाती पैसा पडतो आणि आपल्या विहिरीवरचा पंप विजेची वाट पाहत उभा राहतो, हे पाहून धर्माबाद तालुक्यातील अनेक गावांच्या सरपंचांनी आम्हांस तेलंगणात घाला अशी उघड मागणी केली. मुंबई-पुण्याच्या पुष्कळ सुशिक्षितांस ती ऐकून धक्का बसला. ज्या भूमीने 1948 पर्यंत निजामी राजवट सोसली, जी पुढे मराठी म्हणून महाराष्ट्रात आली, तिने असे बोलावे काय?

आमच्या मते या मागणीस कृतघ्नपणा म्हणणे अन्यायाचे होईल. टीकेच्या भाषेत बोलावयाचे तर ती एक उत्तम तुलनात्मक समीक्षा होती. तिच्यात अलंकार नव्हता, व्यक्तिद्वेष नव्हता. एक आकडा होता आणि दुसरा आकडा होता. भाषेचे प्रेम विजेच्या बिलापुढे हरले, असा तिचा अर्थ करणारांनी हेही ध्यानात घ्यावे की, भाषेच्या नावाने राज्य मागताना, ते राज्य आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत ऐकेल, असेच वचन या भागास मिळाले होते.

परंतु गुण सांगितल्यावर दोष सांगणे टीकाकारास चुकत नाही. या तुलनेत जे दृष्टीस पडत होते तेवढेच मोजले गेले. रयतु बंधूचा पैसा जमीन ज्याच्या नावावर त्याला मिळत असे. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यास त्यातले काही नव्हते. पलीकडच्या सोयऱ्याच्या घरी जाऊन येणाऱ्यास त्या सोयऱ्याचा खंडकरी दिसला नाही. ही रक्कम कोणत्या करातून वा कर्जातून येते, हाही प्रश्न मागे राहिला. ज्या चंद्रशेखर रावांच्या पक्षाने 5 फेब्रुवारी 2023 रोजी नांदेडास येऊन मोठी सभा भरविली, त्याच पक्षास त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेलंगणाच्या मतदारांनी सत्तेवरून उतरविले. 119 पैकी 39 जागाच त्यास राहिल्या. दुरून जे पक्वान्न दिसले, ते रोज ताटात घेणाऱ्यांचे मत निराळे पडले. परीक्षण करणाराने पुस्तकाची केवळ पहिली आवृत्ती पाहू नये, वाचकांच्या हाती पडून ते किती टिकले हेही पाहावे, इतकाच बोध यातून आम्ही घेतो.

युद्धाच्या बाबतीत याच मतदाराची दृष्टी एरवीइतकी तीक्ष्ण राहत नाही. वास्तविक या भागास युद्ध ऐकीव नाही. रझाकारांचा काळ आणि 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई यांच्या आठवणी येथील जुन्या घरांतून आहेत. असे असून 2019 च्या निवडणुकीत बालाकोटचा विषय निघाला तेव्हा इतर ठिकाणांप्रमाणे येथेही अभिमानाचीच भाषा अधिक ऐकू आली. अभिमान वाटण्यात गैर काही नाही. पण युद्धाचा हिशेब रणांगणावरच संपत नाही, तो मोंढ्यापर्यंत येतो. 2022 साली युक्रेनात युद्ध पेटले आणि सूर्यफुलाच्या तेलाची आवक तुटली, खतांचे भाव जगभर चढले. सोयाबीन पिकविणाऱ्यास काय मिळावे हे तेलाच्या आयातकरावरही अवलंबून असते. तो कर 2024 च्या सप्टेंबरात वाढविला गेला. तरीही 4,892 रुपयांचा हमीभाव त्या हंगामात बाजाराने बहुधा दिला नाहीच. युद्ध, आयातकर आणि आपले पोते यांना जोडणारा हा धागा मतदाराने विजेच्या बिलाइतक्याच बारकाईने धरावा, असे आम्हांस वाटते.

आता उमेदवारांविषयी. अमेरिकेत लोक अध्यक्ष निवडतात, त्यामुळे तेथील मतदार एका व्यक्तीची पारख करतो. आमच्या घटनेने धर्माबादच्या मतदारास राष्ट्रपती निवडण्याचा प्रत्यक्ष अधिकार दिला नाही, पंतप्रधान निवडण्याचाही नाही. त्याने नायगाव मतदारसंघाचा आमदार आणि नांदेडचा खासदार तेवढा निवडावयाचा. तथापि अलीकडे भिंतीवरचे चित्र एकाचे आणि यंत्रावरचे नाव दुसऱ्याचे, असा प्रकार झाला आहे. तो मतदार या चित्रास भुलतो, असे म्हणणारांनी 20 नोव्हेंबर 2024 चा दिवस आठवावा. त्या दिवशी नांदेडास विधानसभेचे आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे मतदान एकदमच झाले. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीस गेल्या. आणि लोकसभेची जागा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांस 1,457 मतांनी मिळाली. एकाच दिवशी, एकाच केंद्रात उभे राहून काही हजार लोकांनी दोन यंत्रांवर दोन निरनिराळी मते नोंदविली. राज्यात महिना 1,500 रुपयांची लाडकी बहीण योजना नुकतीच चालू झाली होती. ती कोणाची आणि दिल्लीचे काम कोणाचे, हा भेद या लोकांनी केला असावा. त्यांचा निर्णय बरोबर की चूक हे बाजूस ठेवू; पण आंधळेपणाचा आरोप यानंतर टिकत नाही.

आता ज्यांनी या मतदारासाठी लिहिले त्यांच्या लेखनाकडे पाहू. जाहीरनामा हा वाङ्मयप्रकार आमच्या मते क्रियापदांनी बिघडविला आहे. 'करू', 'देऊ', 'उभारू' ही भविष्यकाळी रूपे ओळीओळीस येतात. किती, केव्हा, कोणाच्या पैशाने आणि न केल्यास कोणी जाब विचारावा, ही चार पदे मात्र बहुधा गाळलेली असतात. याच्या उलट लेखन पाहावयाचे असेल तर ते याच तालुक्याच्या नदीकाठी आहे. बाभळीच्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत जो तंटा झाला, ज्यापायी 2010 च्या जुलैत चंद्राबाबू नायडूंस धर्माबादेत अटक झाली, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी दिला. बंधाऱ्यात 2.74 टीएमसी पाणी धरता येईल. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारे उघडी राहतील. 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. आणि देखरेखीस समिती असेल. ऐन पावसाळ्यात डोळ्यांदेखत पाणी वाहून जाते म्हणून येथील शेतकरी या निकालावर नाराज आहे, आणि त्याची नाराजी आम्हांस समजते. पण त्यात एकही शब्द पोकळ नाही. दरसाल 1 जुलै उजाडला की तो निकाल पाळला जातो.

ज्या मतदाराने आपल्या गैरसोयीचा का होईना, असा कागद पाहिला आहे, त्याने पुढच्या वेळी दारी येणाऱ्या जाहीरनाम्यास हेच माप लावावे. आकडा कोठे आहे, तारीख कोठे आहे, देखरेख कोणाची आहे, एवढे तीन प्रश्न त्याने विचारले तरी या वाङ्मयाची निम्मी पाने आपोआप गळून पडतील. उरलेली वाचण्याजोगी झाली तर त्यांचे परीक्षण आम्ही आनंदाने करू.