आवृत्ति-क्रमांक : अभिवचन आणि मर्यादा

आज्ञावलीच्या आवृत्तीस क्रमांक देणे हे वरकरणी कारकुनी काम भासते. वस्तुतः तो क्रमांक म्हणजे कर्त्याने वापरणाऱ्यास दिलेले अभिवचन होय. टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या संहितेने त्यास तीन अंकांचे व्याकरण दिले. जुन्या वापरास बाध आणणारा बदल झाल्यास पहिला अंक वाढवावा, सुसंगत भर पडल्यास दुसरा आणि सुसंगत दोषदुरुस्तीसाठी तिसरा, असा तिचा दंडक आहे.

संहितेची स्पष्टता निःसंशय स्पृहणीय आहे. तथापि तिच्यातील सुसंगती कर्त्याने जाहीर केलेल्या व्यवहारावरून मोजली जाते. वापरणारा मात्र प्रत्यक्ष वर्तनावर विसंबतो. एखाद्या दोषावरच कोणी आपली रचना उभी केली असेल, तर त्या दोषाची दुरुस्ती त्याच्यापुरती मोडतोडच ठरते. अशा प्रसंगी तारतम्य वापरावे, असे संहितेच्या प्रश्नोत्तरांतच सांगितले आहे. म्हणजे नियमाची जागा अखेर विवेकानेच घेतली.

डोनाल्ड क्नुथ यांचा मार्ग निराळा. १९९० मध्ये त्यांनी ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीची वाढ थांबवली. त्यानंतर केवळ दोषदुरुस्ती होते आणि क्रमांक ‘पाय’च्या मूल्याकडे एकेका अंकाने सरकतो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. येथे विश्वास अंकाने नव्हे, संयमाने संपादिला आहे.

वाढत्या आज्ञावलीस हा संयम परवडणारा नाही, हे खरे. तिने अंक संहितेनुसारच द्यावा. परंतु अंक हा कर्त्याच्या हेतूचा निर्देश आहे, परिणामाचा पुरावा नव्हे. तो पुरावा वापरणाऱ्याने चाचणीनेच मिळवावयाचा असतो.