बेअरिंग कुठल्या फळीवर?

पिंपळवंडीत एखाद्यानं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, तर पहिल्याच दिवशी त्याला एक गोष्ट ठरवावी लागेल. एका कंपनीचा सगळा माल एका फळीवर लावायचा, की सगळी बेअरिंगं एकीकडे आणि सगळे फिल्टर दुसरीकडे? पहिल्या मांडणीत कंपनीचा माणूस खूश. दुसरीत दुकानदाराच्या लक्षात येतं, की तीन वेगळ्या खोक्यांमधलं बेअरिंग एकच आहे.

लिनक्स कर्नलनं दुसरी मांडणी निवडली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी हाच कर्नल चालतो. त्याच्या निम्म्याहून जास्त ओळी 'ड्रायव्हर्स' नावाच्या एका फोल्डरात आहेत. स्क्रीन, वायफाय, चार्जिंग अशा एकेका चिपशी तिच्या भाषेत बोलणारा हा कोड. तो कंपनीनुसार नाही, कामानुसार लावलाय. म्हणून क्वालकॉमची एकच चिप वाचायला घेतली, तर तिची घड्याळं एका फोल्डरात, पिना दुसऱ्यात, ग्राफिक्स तिसऱ्यात. वाचणारा वैतागतो. तरी मला ही मांडणी बरोबर वाटते. दोन कंपन्यांचे टचस्क्रीन ड्रायव्हर शेजारी आले, की दोघांनी तेच काम दोनदा लिहिलंय हे उघडं पडतं आणि समाईक भाग बाजूला काढता येतो. मग ड्रायव्हरनं 'बोट इथे टेकलं' एवढं सांगितलं की पुरे.

सगळं चोख आहे असं मात्र नाही. ध्वनीच्या ड्रायव्हरांनी वेगळी चूल मांडलीय. 'साउंड' हे फोल्डर 'ड्रायव्हर्स'च्या बाहेर, थेट वरच्या पातळीवर आहे. आणि 'मिस्क' म्हणजे घरोघरी असतो तो खिळे, जुन्या किल्ल्या आणि मेलेल्या सेलांचा ड्रॉवर.

खरा गोंधळ झाला तो आर्म प्रोसेसरच्या फोल्डरात. प्रत्येक नव्या बोर्डासाठी कुणीतरी एक नवी सी फाइल टाकायचं: अमुक पत्त्यावर अमुक चिप. तीच यादी, पुन्हा पुन्हा, कोडच्या वेषात. २०११मध्ये लिनस टोरवाल्ड्स यावर जाहीरपणे भडकला. त्यानंतर आर्ममध्ये 'डिव्हाइस ट्री' रुळली. हार्डवेअरचं वर्णन वेगळ्या फाइलीत, कृती ड्रायव्हरात. डिसेंबर २०१२च्या ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्म चिपांवर चालू लागला. कर्नलच्या इतिहासातलं इतकं चांगलं संपादन मला दुसरं माहीत नाही.

पण मांडणीचा प्रश्न फक्त नीटनेटकेपणाचा नाही. कर्नल आपले आतले सांधे कायम तसेच ठेवण्याचं वचन देत नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमननं ते का देऊ नये हे लिहिलेलं टिपण कर्नलसोबतच मिळतं. जो सांधा बदलतो, त्यानंच तो वापरणारे आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, हा रिवाज. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला हे छत्र नाही. आणि फोन कंपन्यांचा बराचसा कोड बाहेरच राहतो.

बाहेर राहूनही निभतं, पण त्याला माणसं लागतात. पिंपळवंडीजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण पाहा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि त्यांचे संदेश जुळवायला एनव्हिडियाची जीपीयू कार्डं. या कार्डांवर गणित करवणारा एनव्हिडियाचा ड्रायव्हरही कर्नलच्या बाहेरच असतो. तिथे निदान कुठली आवृत्ती कधी बदलायची हे ठरवणारे अभियंते आहेत. फोन घेणाऱ्याच्या हाती फक्त 'अपडेट उपलब्ध नाही' ही पाटी येते.

गूगलनं २०१७मध्ये 'ट्रेबल' आणून अँड्रॉइड आणि कंपनीचा कोड यांच्यामध्ये भिंत घातली. पुढे सगळ्यांसाठी एक समाईक कर्नल आणि कंपनीचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये, अशी सोय केली. या कर्नलचे सांधे गोठवलेले असतात, पण त्या एका आवृत्तीपुरतेच. पुढच्या आवृत्तीवर जायचं तर मॉड्यूल पुन्हा बांधायला कंपनीच हवी. सुरक्षेचे अपडेट यामुळे सोपे झाले, हे मान्य. पण हा तोडगा दुकान पुन्हा कंपनीच्या फळ्यांनी लावतो, आणि कंपनीनं माल बंद केला की ती फळी तशीच धूळ खात राहते.

२०१८मध्ये भारतात आलेला पोको एफ१ अनेकांनी वापरला असेल. कंपनीचं अँड्रॉइड त्यावर १०ला थांबलं, कर्नल ४.९ला, म्हणजे २०१६ सालच्या आवृत्तीला. पण कंपनीबाहेरच्या लोकांनी त्याची डिव्हाइस ट्री लिहिली, ती मुख्य कर्नलमध्ये गेली, आणि 'बेरिलियम' या टोपणनावाची ती फाइल क्वालकॉमच्या फोल्डरात इतर फोनांच्या रांगेत बसलीय. कंपनी केव्हाच पुढच्या मॉडेलांकडे वळली. या फोनवर मात्र कंपनीच्या ४.९हून कितीतरी नवा कर्नल चढवता येतो.